फत्तरचं पडणं

धप्पूने चहाला नाही म्हटलं, तेव्हाच फत्तरच्या बायकोने ओळखलं की आज काहीतरी बिनसलंय. हा माणूस इतकी वर्षं या घरात येत होता आणि दारातूनच "वहिनी, टाका आधण" अशी ऑर्डर सोडत होता. आज मात्र तो सोफ्याच्या अगदी कडेला टेकला, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसतात तसा. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आता बास. पुढच्या आठवड्यातला सीन शेवटचा."

"बरं झालं," फत्तर म्हणाला. "किती दिवस आदळून घेणार आहेस स्वतःला? आता घरी बस, पाय वर करून पेपर वाच."

"वाचीन. पण त्याआधी एक मागायचंय."

"माग की."

"या वेळी तू पड."

फत्तर हसला. टीव्हीवर तो असा हसला की समोरच्या गुंडांची पाचावर धारण बसते. धप्पूवर काही परिणाम झाला नाही.

"मी मारतो, तू पड. एकदाच," तो म्हणाला. "पडलेला माणूस वरून कसा दिसतो ते मला उभं राहून बघायचंय. आजवर मी तुझे बूटच बघत आलोय. कुठल्या बुटाची टाच कुठे झिजलीय ते तोंडपाठ आहे मला."

"अरे, पण मी पडत नाही. सगळ्या जगाला माहितीय. नियम आहे माझा."

"नियम," धप्पू म्हणाला. तो सोफ्याच्या हाताला धरून उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन "येतो वहिनी" म्हणाला आणि चालता झाला. फत्तर पुढे काय बोलावं याचा विचार करेपर्यंत जिन्यावरून त्याच्या लंगडत्या पावलांचा आवाजही खाली उतरून गेला होता.

आता हा फत्तर कोण आणि धप्पू कोण, हे सांगायलाच हवं.

फत्तर तरुणपणी एका गोदामात पोती उचलायचा. तिथे एकदा सिनेमाचं शूटिंग आलं. दिग्दर्शकाला गर्दीत उभी करायला माणसं हवी होती. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि ती फत्तरच्या नाकावर येऊन अडकली. ते नाक मधोमध मोडून डावीकडे वळलेलं होतं. भुवया दाट, जबडा चौकोनी, गालांवर देवीचे वण असल्यासारखे खड्डे, जे खरं तर तारुण्यपीटिकांचे होते. रंगभूषाकाराने त्या चेहऱ्याकडे चारही बाजूंनी बघितलं, "इथे मला काही काम नाही" म्हणाला आणि डबा मिटून पेपर वाचत बसला. पुढे कुणी नाकाचा इतिहास विचारला, की फत्तर नुसता गूढ हसायचा. मग लोक आपापल्या मनाने सुरा, तुरुंग, दारूचा अड्डा असं काय काय जोडून घ्यायचे. प्रत्यक्षात त्याच्या थोरल्या बहिणीने न्हाणीघराचं दार आतून धाडकन ढकललं होतं आणि हा बाहेर फटीतून बोलत उभा होता, एवढंच.

एका पेपरवाल्याने लिहिलं, हा माणूस दगडातून काढलाय. तेव्हापासून त्याचं नाव फत्तर पडलं ते पडलंच. त्याने तस्कर केले, ट्रक ड्रायव्हर केले, जेलमधून पळालेले कैदी केले, एका सिनेमात तर स्वतःचाच बापही केला. मग गुळगुळीत गालांचे हिरो आले आणि मारामाऱ्याही तेच करायला लागले. फत्तर घरी बसला. दोन-तीन वर्षं त्याने बायकोला भाजी कशी चिरावी हे शिकवण्यात घालवली आणि बायकोने ती कशीबशी सोसली. शेवटी टीव्हीने त्याला उचललं. गॅरेज चालवणारा एक निवृत्त पोलीस अधिकारी, बोलतो कमी, आठवड्यातून एकदा कुणाला तरी सरळ करतो, अशी ती मालिका. ती इतकी चालली, की तिच्यात पाळण्यात होतं ते पोर आता तिच्यातच कॉलेजात जायला लागलं होतं.

आणि ज्याला सरळ करायचं, तो बहुतेक वेळा धप्पूच असायचा. कधी मिशी लावून, कधी टक्कल करून, कधी डोळ्यावर पट्टी बांधून. बुटका, गोलमटोल, हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी असा तो माणूस जिन्यावरून पडला, गच्चीवरून पडला, काचेच्या खिडकीतून आरपार गेला, भाजीच्या गाड्यांवर तर किती वेळा कोसळला त्याला गणतीच नाही. जमिनीवर येताना त्याचा जो आवाज व्हायचा त्यावरून त्याचं नाव पडलं. साउंडवाले म्हणायचे, या माणसाला वरून आवाज लावायची गरज नाही.

सिनेमातला ठोसा ही काय चीज आहे, हे ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. फत्तरचा ठोसा समोरच्याच्या नाकापासून चांगला वीतभर लांबून जायचा. कॅमेरा अशा बाजूला ठेवतात, की ती वीत दिसत नाही. बाकीचं सगळं समोरच्याने करायचं. मान झटकायची, गाल थरथरवायचे, पाय सोडायचे, हवेत अर्धी गिरकी घ्यायची आणि आदळायचं. फत्तरने फक्त हात फिरवून रागाने बघायचं. रस्त्यात लोक त्याला बघून बाजूला सरकायचे, पोरं आईच्या मागे लपायची. त्या हाताने आयुष्यात कुणाला साधी टपलीसुद्धा मारली नव्हती. त्याचा सगळा दरारा धप्पूच्या मानेने कमावलेला होता, आणि हे त्या दोघांनाही नीट माहीत होतं.

राहिला नियम. त्याची गोष्ट अशी, की दुसऱ्याच सिनेमात फत्तरला ट्रकच्या फाळक्यावरून मागे पडायचं होतं. खाली गाद्या होत्या. तो पडला, पडताना त्याने हात मागे टाकले आणि मनगट मोडलं. मनगट महिन्याभरात जुळलं. पण तेव्हापासून जरा मागे झुकलं, की त्याच्या पोटात गोळा यायचा. दाताच्या डॉक्टरची खुर्ची आडवी व्हायला लागली, की तो डॉक्टरचा हात धरायचा. पलंगावर भिंतीकडेची बाजू त्याची होती आणि त्यावर चर्चा नव्हती. पुढच्या सिनेमात पडायचा सीन आला, तेव्हा त्याने घशाला कोरड पडलेल्या आवाजात सांगितलं, "मी पडत नाही." दिग्दर्शकाला तो ताठा वाटला आणि ताठा त्याला आवडला. पोस्टरवर छापून आलं, "जो कधी पडला नाही." झालं, भीतीचा नियम झाला. खरं काय ते एकट्या बायकोला माहीत होतं, आणि तेही पलंगामुळे.

"सांगून टाका की भावजींना," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "भीती वाटते म्हणायला काय जातंय?"

"तुला काय कळतंय? तो दिवसातून दहा वेळा पडतो. त्याला जाऊन सांगू, की मला एकदा पडायची भीती वाटते?"

"मग पडून दाखवा."

 फत्तर उठला, कपाटावरच्या जुन्या गाद्या काढल्या आणि हॉलमध्ये एकावर एक रचल्या. त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग गुडघे वाकवले, मागे हाताने गादी चाचपली आणि हळूच तिच्यावर बसला.

"हे पडणं झालं?" बायकोने विचारलं. "पाहुण्यांकडे गेल्यावर बसता तसे बसलात."

"अगं, अंदाज घेतोय."

"मी ढकलू का?"

"खबरदार हात लावलास तर."

अंदाज घेण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी बायकोने गाद्या उचलून जागच्या जागी ठेवल्या आणि म्हणाली, की आता हॉलमध्ये माणसांना बसू द्या.

इकडे धप्पू फोन उचलेना. एरवी रोज सकाळी फोन व्हायचा. बोलायचं काही नसायचं. पोट साफ झालं का, काल कुणाचा सीन कापला, पेपरात कोण गेलं, एवढंच. आता सकाळ झाली, की फत्तर फोन हातात घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि घंटी वाजून वाजून बंद व्हायची. हा सीन झाला, की धप्पू सेटवर येणार नव्हता. घरी यायचं तर त्याने बंदच केलं होतं. मग तो भेटणार कुठे? एवढ्या मोठ्या आयुष्यात फत्तरला ओळखणारे लाखो होते आणि मित्र हा एकच. तोही हातातून चाललाय, आणि आपल्याला दोन शब्द बोलवत नाहीत म्हणून चाललाय, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग? जीभ रेटत नव्हती.

शूटिंगचा दिवस उजाडला. सेट गॅरेजचाच होता: टायरींची चवड, ऑइलचे डबे, जॅकवर चढवलेली चाकं काढलेली गाडी. जेलमधून सुटलेला जुना वैरी सूड घ्यायला येतो, साहेब त्याला एका ठोशात टायरींवर पाठवतात, असा सीन. धप्पू पांढरी दाढी लावून आला. सगळ्यांशी बोलला, चहावाल्याची चौकशी केली, लाइटवाल्याच्या मुलाच्या परीक्षेचं विचारलं आणि फत्तरसमोर येऊन भिंतीसमोर उभं राहावं तसा उभा राहिला.

दिग्दर्शिका तरुण होती, सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि ती या दोघांना सर आणि काका. ती मॉनिटरमागे बसली आणि म्हणाली, "ॲक्शन."

फत्तरचा ठोसा सुटला. वीतभर लांबून, बरोब्बर गेला.

धप्पू हलला नाही.

 फत्तरचा हात हवेतच राहिला होता. धप्पूने नाक पुसलं. "लागला नाही," तो म्हणाला.

"कट. काका, काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम. जरा वारा आला."

दुसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला. पुन्हा ठोसा गेला, पुन्हा धप्पू तसाच उभा. तिसऱ्यांदा तर त्याने ठोसा जाताना मान वळवून त्याच्याकडे बघितलं, रस्त्यावरून गाडी गेली की बघतात तसं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि फत्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात पहिल्यांदाच त्याचा ठोसा जसा होता तसा चारचौघांत दिसला होता, आणि तो म्हणजे माशी हाकलणाऱ्या माणसाचा हात होता.

"हे काय चालवलंयस?" तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मी पण नियम केलाय. मी पडत नाही."

"खरंच मारीन हं."

"मार की. बघू तरी कसं लागतं."

फत्तरने दातओठ खाल्ले, मूठ वळली आणि सगळा जीव लावून हात फिरवला. तो नाकापासून वीतभर लांबून गेला. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. फत्तर त्या हाताकडे बघत राहिला. मग एकाएकी त्याचे खांदे पडले.

"मला पडता येत नाही," तो म्हणाला.

"ते माहितीय. नियम आहे."

"नियम नाही रे. येत नाही. भीती वाटते." एकदा तोंडातून निघाल्यावर पुढचं आपोआप आलं. "तो ट्रकचा सीन आठवतो? मनगट मोडलं होतं तेव्हाचा? तेव्हापासून. जरा मागे कललो तरी हातपाय गळतात. मी पलंगावर भिंतीकडे झोपतो. परवा हॉलमध्ये गाद्या घालून पाहिलं, बसायलाच झालं. तुझ्या वहिनीला विचार."

शिडीवरच्या लाइटवाल्याने बघायचं की नाही बघायचं हे न कळून शेवटी दिवा पुसायला घेतला. मॅडमनी हळूच हेडफोन काढून ठेवला.

"पोस्टरवर छापलं होतं," धप्पू म्हणाला.

"मी छापलं होतं का?"

धप्पू टायरवर बसला. त्याचं पोट हलायला लागलं आणि मग खोटी दाढी सुटून एका कानाला लोंबेपर्यंत तो हसला. हसता हसता थांबला, दाढी काढून मांडीवर ठेवली, आणि आता त्याचा चेहरा अगदी वेगळा होता.

"गाढवा," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं समजत होतो, तुला माझं काम हलकं वाटतं. पडणं म्हणजे काय, कुणीही पडेल. साहेबांनी कशाला पडायचं? असं वाटतं तुला, असं समजत होतो. तुझ्याकडे जेवताना, तुझ्याशी फोनवर बोलताना, कुठेतरी ते टोचत असायचं."

"हलकं?" फत्तरला खरोखरच धक्का बसला. "अरे, तू पडलास की दर वेळी मला वाटायचं, आता हा काही उठत नाही. रागाने बघायचं असायचं म्हणून बघायचो.  आणि तू उठून चष्मा शोधायला लागायचास."

 मग धप्पूने दाढी पुन्हा चिकटवली, गुडघ्यावर हात दाबून उठला आणि मॅडमना म्हणाला, "चला, घ्या शॉट. मीच पडतो. यांना नका त्रास देऊ."

"नाही," फत्तर म्हणाला. "मी पडणार."

"अरे, मी म्हणतोय ना, राहू दे म्हणून. माझा हट्ट संपला."

"तुझा संपला, माझा सुरू झालाय. बाजूला हो."

"वय बघ जरा आपलं."

"तू माझ्याहून मोठा आहेस."

मॅडमनी हा वाद ऐकून घेतला. चॅनलला काय सांगायचं ते त्यांच्या डोक्यात तयारही झालं होतं, कारण हा माणूस पडणार म्हटल्यावर लोक हातातली कामं टाकून बघतील, एवढं त्यांना नक्की कळत होतं. "काका मारतील, सर पडतील," त्या म्हणाल्या. "पण पडायला शिकवा आधी. मला सर अख्खे परत हवेत."

मग टायरींमागे गाद्या आल्या, त्यांच्यावर आणखी गाद्या आल्या. धप्पू शिकवायला लागला आणि शिकवताना त्याच्यातला मित्र कुठल्या कुठे गेला. "हनुवटी छातीला. हात पोटाशी, मागे गेले तर बांधून ठेवीन. श्वास आत नको, बाहेर. अरे, बसू नकोस, बसायला बोलावलंय का तुला इथे?" फत्तर घामाघूम झाला. तो कडेला बसला, एकदा वळून पोटावर पडला, एकदा धप्पूचा शर्ट धरून त्यालाही घेऊन गेला. मध्येच उठून म्हणाला, की बाथरूमला जाऊन येतो. बाथरूममध्ये नळ सोडून तो आरशासमोर उभा राहिला. आरशातला माणूस दिसायला भयंकर होता आणि त्याची हनुवटी थरथरत होती. तोंडावर पाणी मारून तो परत आला.

मारण्यातही गंमतच होती. धप्पूने आयुष्यात कधी ठोसा मारला नव्हता. मित्राला लागेल या भीतीने त्याची मूठ इतकी लांबून जायची, की फत्तरला विचारावं लागलं, "तू मला मारतोयस की निरोप देतोयस?"

शेवटी मॅडम म्हणाल्या, की आता घेऊन टाकू या, उजेड जायच्या आत.

कॅमेरा सुरू झाला. धप्पू पांढऱ्या दाढीत, कमरेवर हात ठेवून, खरोखरच जेलमधून आल्यासारखा उभा होता. त्याने हात मागे नेला. फत्तरला ती मूठ येताना दिसली. तिच्यामागे धप्पूचा चेहरा दिसला, ओठ घट्ट मिटलेला. मूठ नाकासमोरून गेली आणि फत्तरने मान झटकली. पुढचं काय करायचं ते शिकवलेलं सगळं डोक्यातून उडालं. हात कुठे, हनुवटी कुठे, काही आठवेना. पोटात तो जुना गोळा आला. त्याने श्वास सोडला आणि पाय सोडले.

टायरी घरंगळल्या, एक ऑइलचा डबा उलटा झाला आणि फत्तर गाद्यांमध्ये असा जाऊन रुतला, की वर नुसते बूट राहिले. देखणं काही नव्हतं त्यात. पोतं गाडीतून सुटावं तसा तो गेला होता. पडल्या पडल्या त्याने एक एक करून सगळे अवयव हलवून बघितले. मनगटं शाबूत होती. मान होती. मग पोटातून काहीतरी वर आलं आणि ते हसू होतं हे त्याला जरा उशिराच कळलं.

सीनमध्ये धप्पूने छाती काढून उभं राहायचं होतं आणि मॅडम "कट" म्हणेपर्यंत खाली बघायचं होतं. "कट" व्हायच्या आधीच तो दुखऱ्या गुडघ्यासकट गादीवर उतरला होता आणि फत्तरची मान, खांदे, कोपरं चाचपत होता.

"लागलं का कुठे? हात हलव. दुसरा. माझ्याकडे बघ, दोन दिसतोय की एक?"

"एकच. तोही जास्त आहे." फत्तर हसतच होता. लाइटवाल्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. त्या गोंगाटात फत्तरने उठून बसत विचारलं, "काय रे, कसा दिसलो वरून?"

 धप्पू गुडघा चोळत राहिला.

"अरे, विचारतोय मी. ज्यासाठी एवढं रामायण झालं ते तरी सांग."

"बघितलं नाही," धप्पू म्हणाला.

"म्हणजे?"

"तू पडायला लागलास आणि मी डोळेच मिटले. बघवेना."

फत्तरचं हसू थांबलं. त्याने धप्पूकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याने दाढीचा डिंक सुटत आला होता.

"मग पुन्हा एकदा पडू?" फत्तरने विचारलं, आणि आपण हे मनापासून विचारतोय याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"नको," धप्पू म्हणाला आणि त्याच्या शेजारी गादीवर सरकून बसला. "राहू दे."